पट्टीला येणारा वास

आधी चहा संपवा, मग सांगते. गेल्या खेपेला हे ऐकताना माझ्या भावजयीच्या नाकातून चहा आला होता!

झालं असं, की माझ्या छातीत गाठ लागली. कुडाळच्या डॉक्टरीणबाईंनी मॅमोग्राफी सांगितली. "येताना अंगाला पावडर, क्रीम काही लावू नका. फोटोत ठिपके दिसतात." आता मी पडले काटेकोर! पावडर सोडलीच, शिवाय साबण नको, केसांना तेल नको, अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, तोही नको. वाटेत आमचे हे म्हणाले, "गो, तपासणीक चललंस काय सुतकात आसस?"

यंत्रात छाती पापडासारखी दाबून फोटो काढला. त्यात काहीतरी दिसलं म्हणून सुई घालून तुकडा काढला, वर छोटी पट्टी लावली. "कपड्यात गुंडाळून बर्फ लावा. पट्टी भिजवू नका. रिपोर्ट दोन-चार दिवसांत."

"मॅडम, तुम्हाला काय वाटतं?"

"रिपोर्ट येऊ दे." हे म्हणताना त्यांनी ह्यांच्याकडे का बघितलं? संशय येणार नाही?

घरी आल्यावर तर संशय वाढतच गेला. लग्नापासून ज्या माणसाला पाणीसुद्धा हातात लागतं, तो टुणकन उठला. "तू उठा नको! बर्फ मी हाडतंय."

"ओ, फ्रिजचा दार जड आसा काय?"

"डॉक्टरांनी सांगल्यानी ना, हात वर करूचो नाय!"

असं कुणीही सांगितलं नव्हतं! बर्फ आला, मागून चहा आला. संध्याकाळी बघते तर मागीलदारी हे आणि माझी धाकटी जाऊ कुजबुजतायत. तिची चूल वेगळी, अंगण एकच. मी खोकले, तशी दोघं दोन बाजूंना पांगली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोथी वाचायला बसले, तर वास! नासक्या मासळीसारखा. पण दिवस श्रावणाचे, घरात महिनाभर मासळी बंद. नियम माझाच. ह्यांनी गयावया केली होती, "अगो, मासेमारीची बंदी उठता ती नेमकी श्रावणात!" मी ऐकलं नाही. मग घरात मासळी नाही, तर नासलं कोण? मीच की!

"ओ, माका वास मारता काय?"

हे जवळ आले, हुंगलं, आणि चेहरा पांढरा. "नाय गो! मोगऱ्याचो येता."

मोगरा? मी पावडरसुद्धा लावली नव्हती!

जावेला बोलावलं. "गो, तू तरी खरा सांग."

"वैनी, माका सर्दी झाली हा." आणि दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

झालं! मी आतून कुजत होते आणि घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आमचं मांजर कधी माझ्या वाऱ्याला उभं राहत नाही, ते मांडीवरून उठेना. जनावराला आधी कळतं म्हणतात! मी जावेला कपाटाची किल्ली दिली, कोकमाच्या आगळाची बरणी कुठे ते दाखवलं. ती हमसून रडली. का रडली, सांगा?

शेवटी एकटीच एसटीने कुडाळला गेले. डॉक्टरीणबाईंनी पट्टी काढली. "जखम छान कोरडी आहे." मग पट्टी नाकाजवळ नेली. "बाई, बर्फ कुठला लावलात?"

"घरचा."

"घरी फोन लावा बघू."

स्पीकरवर मी विचारलं, "ओ, बर्फ खंयचो लावलात?"

मग बारीक आवाज आला, "इसवणाच्या डब्यातलो."

इसवण म्हणजे सुरमई हो! श्रावणात, माझ्याच फ्रिजमध्ये!

"धाकटीकडे रांधूचा म्हणान लपवन ठेवललंय गो. लावूक दुसरो बर्फ नव्हतो."

मी रागाने फोन बंद केला. डॉक्टरीणबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. खांदे हलत होते. मग वळून म्हणाल्या, "रिपोर्ट आलाय. साधी गाठ आहे, कॅन्सर नाही."

मी ढसाढसा रडले. सुटले म्हणून रडले, की इसवणाचं पाणी अंगावर घेऊन पोथी वाचली म्हणून, ते अजून कळलेलं नाही.

घरी पोचले तर हे पायरीवर बसलेले. फोन आधीच बंद केल्यामुळे ह्यांना रिपोर्टचं कळलंच नव्हतं. "साधी गाठ," म्हटलं. दुपारभर तोंडात पाण्याचा घोट न घेतलेला तो माणूस पोरासारखा रडला. कसली भांडणार मी?

"जावंदे. श्रावण माझो मोडलोच आसा. आज मीच रांधतंय इसवण!"

खोबरं किसलं, मसाला घातला, झकास वाटप वाटलं. गंमत म्हणजे हे जागचे हलेनात आणि जाऊ अंगणातून गुल. मीच डबा उघडला. आत नुसता बर्फ!

"काल तू किल्ली दिलंस," हे खाली मान घालून म्हणाले, "आमी घाबरलंव, तुका कळला म्हणान. म्हटला, घरात पुरावो नको. खाऊन टाकलंव."

शेवटी त्या वाटपात भेंडी घातली. पहिला घास घेतला, तर हे कसे तोंड भरून म्हणतात, "बघ! तुझो श्रावण काय मोडलो नाय!"