बंद-चालू काका

"काका, त्या बटणावरचा हात काढा आधी!"

"अगं, बंद करायचं, जरा थांबायचं, चालू करायचं. आयुष्यभर हेच करत आलोय."

"आणि दुपारी रक्त तपासायचं यंत्र पुन्हा मुकं झालं की? डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ऐकलंत ना? आज शेवटचं. उद्या दुसरा माणूस बोलावणार."

पुतणी नेटवर्कच्या स्विचला, सगळ्या वायरी जिथं येऊन मिळतात त्या पेटीला, पाठ लावून उभी राहिली. रक्ततपासणीच्या लॅबमधली ही खोली कपाटाएवढी. दोघांतल्या एकानं वळायचं तर दुसऱ्यानं पोट आत घ्यायचं. लॅबची सगळी यंत्रं या एका स्विचमधून एकमेकांशी बोलायची.

काका हाडाचे कारागीर. वायर नुसती चाचपून तुटकी जागा सांगायचे. पण डीबगचं नाव काढलं की अंग चोरायचे. डीबग म्हणजे स्विचला सांगायचं, करतोस ते सगळं बोलून दाखव. एका कार्यालयात काकांनी तिथल्या स्विचला खरंच सगळं बोलायला लावलं होतं. तो इतका बडबडला की कामच विसरला, आणि धावत्या पडद्यावर त्याला गप्प करायची आज्ञा काकांना काही लिहिता येईना. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. काका ताकाच्या वाटेलाही जात नव्हते.

"बंद केलंत तर स्विचनं पाहिलेलं सगळं पुसलं जाईल," म्हणत पुतणीनं लॅपटॉप जोडला. पहिलीच आज्ञा लिहिली: सगळं डीबग बंद.

"चालूच नाही ते बंद काय करतेस, शहाणे?"

"आत शिरण्याआधी बाहेर पडायचं दार बघून ठेवलं. आता दोनदा वरचा बाण दाबला की हीच ओळ परत समोर येईल, पडदा कितीही धावू दे. आणि सगळं नाही विचारत. यंत्राला नेटवर्कवरचा पत्ता कोण देतं, एवढंच."

तिनं दुसरी आज्ञा लिहिली. ओळी आल्या, पण सावकाश. यंत्रानं पत्ता मागितला. उत्तरं आली दोन. एक लॅबच्या सर्व्हरचं, पत्ते द्यायचं काम ज्याचं त्याचं. दुसरं, बाहेर पेशंटांच्या बसायच्या खोलीकडून येणाऱ्या वायरीतून.

पुतणीनं दोनदा बाण दाबला, एंटर दाबलं. पडदा शांत झाला.

"तिकडून कुणीतरी आगाऊपणे भलतेच पत्ते वाटतंय. ज्या दिवशी त्याचं उत्तर आधी पोचतं, त्या दिवशी यंत्र मुकं." तिनं काकांकडे पाहिलं. "काका, गेल्या महिन्यात तिथल्या पाण्याच्या पिंपामागे वायफायचा डबा कुणी लावला? पेशंटांची सोय म्हणून, हौसेनं?"

काकांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर चाचपला, पोट आत घेतलं, आणि तिच्या बाजूनं सरकत पिंपाच्या दिशेनं चालू लागले.