संपाच्या फाटकावर आत्याच्या बातम्या

माझे वडील होसकोट्याच्या एका कारखान्यात फिटर होते आणि तिथल्या युनियनचे चिटणीस. घर पत्रकांनी भरलेलं. कन्नड अक्षरं मला त्या पत्रकांवरूनच लागली; 'धिक्कार' आधी वाचता आला, 'कमळ' मागाहून.

अशा घरात सरकारी रेडिओवर कन्नड बातम्या वाचणारी आत्या होती. घरात मराठी, माइकसमोर कन्नड. नोकरी पक्की नव्हती. महिन्यातून काही दिवस बोलावणं येई, तेवढंच. रेडिओच्या अगदी सुरुवातीच्या पिढीतल्या एका निवेदकानं तिला तयार केलं होतं. त्यांच्या वेळी सगळं थेट जाई. चूक झाली की "क्षमा करा" म्हणायचं, वाक्य नीट वाचायचं आणि पुढे जायचं. आत्याही तेच करी. ही रीत मला आजही मोठी वाटते. आमच्या एकाही पत्रकानं आजवर कोणाची क्षमा मागितलेली नाही.

माइकसमोर कागद वाजू नये ही सवय तिच्या हातात इतकी मुरली होती की घरी वर्तमानपत्र उलटलं तरी आवाज येत नसे.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला तिचा राग यायचा.

"जे देतील ते वाचतेस. सरकारचा भोंगा नुसता!"

"स्वल्प थांब," ती म्हणायची, "भोंग्याला आधी ही मेथी निवडून दे."

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर वडिलांच्या कारखान्यात संप झाला आणि लांबला. शहरात, इंदिरानगरासारख्या वस्तीत, केबलवर संगीताच्या दणक्यात बातम्या सुरू झाल्या होत्या, पण होसकोट्याच्या फाटकावर बातमी म्हणजे चहावाल्याचा ट्रान्झिस्टर. एका सकाळी मॅनेजमेंटच्या माणसांनी पसरवलं, संप मागे घेतलाय, दुपारी रेडिओवर ऐका; दुपारच्या पाळीला जो आत येईल त्याची नोकरी राहील. घराघरांत डबे रिकामे होत आले होते. काही जण खरोखरच उठून फाटकापाशी उभे राहिले. निम्मे जरी आत गेले असते तरी संप मोडला असता, आणि सर्वांत आधी माझे वडील बाहेर फेकले गेले असते.

त्या दुपारी बातम्या आत्याच वाचणार होती, हे फाटकावर सगळ्यांना ठाऊक होतं. मी कॉलेज बुडवून वडिलांशेजारी बसले होते. आज हिनं खोटं वाचलं तर जन्मात तिच्याशी बोलायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

आत्याचा आवाज आला. मंत्र्यांचे दौरे झाले. मग ती म्हणाली, "होसकोटे येथील कारखान्यातला संप मागे घेण्यात आल्याचं व्यवस्थापनानं सांगितलं आहे. संप चालूच असल्याचं कामगार संघटनेनं सांगितलं आहे." आणि लगेच धरणातलं पाणी किती, ते. आवाजात तसूभर फरक नाही.

वडील भडकले. "सख्खा भाऊ इथं उन्हात बसलाय, आणि अक्का धरणाची पातळी सांगावी तसं सांगते!"

माझंही डोकं तापलं होतं. तेवढ्यात डबा घेऊन फाटकापाशी उभा असलेला एक वयस्क कामगार हसायला लागला.

"अण्णा, अक्कानं तुमच्यासाठी गळा काढला असता तर आम्ही म्हटलं असतं, घरचीच आहे, बोलणारच. आता सरी, ठीक झालं. कंपनी म्हणते संपला, तुम्ही म्हणता चालू. म्हणजे चालू!"

तो खाली बसला, डबा उघडला आणि जेवायला लागला. मग दुसरा बसला. त्या पाळीला कोणी आत गेलं नाही.

संध्याकाळी आत्या घरी आली तेव्हा बाकीचं कळलं. तिच्या हातात दिलेल्या कागदावर फक्त 'संप मागे' एवढंच होतं. ती कागद घेऊन संपादकांकडे गेली आणि म्हणाली, "सर, माझा भाऊ त्या संपात आहे. तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवू नका. युनियनला फोन करून तुम्हीच विचारा."

"भाऊ आहे हे कशाला सांगितलंस?" मी ओरडले. "उद्या बोलावणं बंद झालं म्हणजे?"

"होईलही. पण न सांगता विचारलं असतं तर ती चलाखी झाली असती."

न्याय म्हणजे काय यावर मी तोवर पुष्कळ भाषणं ऐकली होती. इतकं सरळ कोणी बोललं नव्हतं.

"आणि फोन लागलाच नसता तर?" वडिलांनी विचारलं.

"तर कागदावर होतं ते वाचलं असतं," ती म्हणाली. "त्यात माझा इलाज नाही रे."

वडिलांनी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला.

"म्हणून तर तिथून हलले नाही. तुमचा फोन सारखा एंगेज. संपादक रिसीव्हर खाली ठेवत, मी म्हणे, सर, आणखी एकदा. स्टुडिओतून हाका यायला लागल्या. ते म्हणाले, बाई, जा आता, वेळ झाली. मी म्हटलं, सर, आणखी एकदा."