बँडची तेरवी

राजूरच्या खाण कामगारांच्या कॉलनीतल्या चार पोरांचा रॉक बँड होता. आम्ही सगळे चाहते मिळून एका ऑटोत मावायचो, पण स्वतःला चळवळ समजायचो. गाण्याचे शब्द गिटारच्या आवाजात कधी ऐकूच आले नाहीत, म्हणून ते फार खोल आहेत असं आमचं मत होतं.

गेल्या उन्हाळ्यात बँडने मोबाइलवर नवं गाणं टाकलं. त्यात कीबोर्ड होता, टाळ्या होत्या आणि प्रत्येक शब्द स्पष्ट ऐकू येत होता. आमच्यातल्या सर्वांत कट्टर मित्राने जाहीर केलं की बँड मेला. त्याच्याच अंगणात तेरवी ठरली. दहावाही त्याच दिवशी उरकायचा होता, कारण रविवारशिवाय कोणाला सुट्टी नव्हती. चौघांच्या फोटोला हार घातला. मी पुस्तकं वाचतो म्हणून श्रद्धांजलीचं भाषण माझ्याकडे आलं. ते कोणी ऐकलं नाही. स्पीकरवर बँडची जुनी गाणी चालू होती.

अडचण एकच निघाली. सर्वांत जवळच्या माणसाने डोकं भादरायचं असतं, आणि सर्वांत जवळचे आपणच, हे तो कट्टर मित्र वर्षानुवर्षे सांगत आला होता. त्याचे केस पाठीवर रुळायचे. त्या केसांपायी वडिलांनी बोलणं टाकलं होतं, ठरत आलेली सोयरीक मोडली होती. तरी त्याने कात्री लागू दिली नव्हती. न्हावीकाकांना निरोप त्याच्या आईनेच पाठवला, तोही तातडीने.

अर्धं डोकं झालं आणि फाटकाशी मोटारसायकल थांबली. बँडचा गायक होता. केस नीट कापलेले, शर्ट इस्त्रीचा. हार घातलेला फोटो पाहून तो म्हणाला, "काहून बे, मी मेलो अन् मलेच निरोप नाही?"

तेरवीला आलेल्याला उपाशी पाठवत नाहीत. त्याला वांग्याची भाजी आणि बुंदी वाढली. मग वाद सुरू झाला, की मयतच जेवत असेल तर उरलेलं डोकं भादरायचं की नाही. एक जण म्हणाला, थांबवा. दुसऱ्याने मित्राकडे पाहून विचारलं, असंच ठेवता काय? न्हावीकाका वस्तरा धरून खोळंबले होते. त्यांना पुढे एका खऱ्या दहाव्याला जायचं होतं.

मित्राने मान न वळवता गायकाला विचारलं, "पुन्हा वाजवशीन जुनं?"

गायकाने बुंदीचा घास संपवला. "नाही रे भाऊ. त्याच्यावर लोक उठून जात. आता नाचून राह्यले."

त्याला खोटं बोलता आलं असतं. मित्राने राहिलेल्या केसांवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाला, "काका, राह्यलेले काढा," आणि त्याने मान खाली घातली.

गायक हात धुवून आला आणि मित्राच्या खांद्यावरचे केस झटकत उभा राहिला.