कोपरांसकट माप

अंधेरीतल्या आमच्या जुन्या बाजाररस्त्याचा फुटपाथ नवा झाला आणि त्याला चक्क उतार आला, त्या सकाळी मी आईच्याही आधी तयार होऊन दारात उभा होतो. पन्नाशीच्या माणसाला फुटपाथचं कसलं एवढं कौतुक, असं बायको म्हणालीसुद्धा. पण मला राहवत नव्हतं. खुब्याचं हाड मोडल्यापासून तीन वर्षं आई व्हीलचेअरवर होती, आणि तीन वर्षं घरातली मासळी मी आणत होतो. वेंगुर्ल्याकडच्या बाईला हे खुब्यापेक्षा मोठं दुखणं. पहिला घास घेऊन ती ताटाकडे बघायची आणि काही बोलायची नाही. ते न बोलणं मला फार लागायचं.

मासळीबाजार घरापासून हाकेच्या अंतरावर. पण जुना फुटपाथ गुडघाभर उंच, फरशा उखडलेल्या, आणि खाली उतरावं तर अंगावर रिक्षा. उचलून न्यायला मी तयार होतो, ती नव्हती.

"माका एकदाच उचल, शेवटाक," म्हणायची.

तर त्या सकाळी आईने माझा हात झटकला, स्वतःच चाकं फिरवली आणि एका दमात उतार चढली. मी टाळ्या वाजवायचाच बाकी होतो. तेवढ्यात ठण्ण असा आवाज झाला. उताराच्या वरच्या टोकाला दोन स्टीलचे खांब होते आणि त्यांच्यामध्ये खुर्ची अडकली होती.

"मेल्या, हे खांब कोणी घातल्यानी?"

घालायला मीच लावले होते. काम चालू असताना सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून वॉर्ड ऑफिसात मी अर्ज दिला होता, की बाइकवाले फुटपाथवर घुसतात, तरी तोंडाशी खांब बसवावेत, आणि ते इतके जवळ की स्कूटरचं हँडलही आत जाऊ नये. खाली ठसठशीत शिक्का. माझा अर्ज शब्दशः अमलात येण्याची आयुष्यातली ती पहिलीच वेळ. उतार माझ्या डोक्यात होता, खांबही होते, पण दोन्ही एकाच वेळी नव्हते.

आई मागे फिरली. त्या दिवशीही मासे आणायला मीच गेलो.

दुसऱ्या दिवशी फुटपाथच्या कामावरच्या मुकादमाला गाठलं. तो म्हणाला, "साहेब, तुम्हीच लिहिलं ना, हँडल पण जायला नको? एकदम झकास बसवलेत."

"अरे, माझीच वाट लागली ना त्यात!"

"मग दुसरा अर्ज टाका. माप लिहा नीट."

मी घरी येऊन टेप काढली आणि एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत खुर्ची मोजायला लागलो.

"कोपरांसकट मोज," आई म्हणाली. "चाकां काय माझी सून फिरवता?"

मी पुन्हा मोजलं. कोपरांसकट. मग स्वतःच्याच अर्जाविरुद्ध स्वतःच अर्ज लिहिला आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून हातोहात देऊन आलो.

थोड्याच दिवसांत एक खांब सरकला. आई मधून गेली, दोन्ही कोपरं न आवळता! मला इतका आनंद झाला की पानवाल्यालाही मी उगाच हात केला. ती थेट माझ्या नेहमीच्या कोळणीसमोर थांबली. मी नेहमी घ्यायचो ते पापलेट मोठ्या ऐटीत दाखवले. आईने एकाचा कल्ला उचलून आत पाहिलं, पोटावर बोट दाबलं. खळगा तसाच राहिला; मासे शिळे होते.

"तीन वर्सां माका ह्येच खावक घातलंस?"

"तुला कळत होतं? मग बोलली का नाहीस?"

"तू किती हौशीन आणायचंस," ती म्हणाली, आणि खालच्या टोपलीतले बांगडे उलटेपालटे करून बघायला लागली.

तिने मांडीवरची रिकामी पिशवी माझ्या हातात दिली, चाकं फिरवली आणि पुढच्या कोळणीकडे गेली. मी पिशवी धरून तिच्या मागे निघालो.