आधी जेवण, मग उत्तर

सुमित्राअक्का कुठल्याही गावात गेल्या की आधी जेवायच्या आणि मग बोलायच्या. बाटल्या, मातीच्या पिशव्या, यंत्रं सगळं जीपमध्येच ठेवायचं, ज्या घरात बोलावतील तिथे मांडी घालून बसायचं आणि जे शिजलं असेल ते खायचं, असा त्यांचा नेम होता. आमच्या संस्थेतले नवे संशोधक घरून डबे आणत. अक्का त्यांना म्हणत, "डबा गाडीतच राहू दे. ज्याच्या घरचं तू खात नाहीस, तो तुला खरं कशाला सांगेल?" मग ती पोरं मुकाट्याने नाचणीच्या मुद्देचा गोळा सांबारात बुडवत आणि घशाखाली उतरवायची धडपड करत. मुद्दे चावायची नसते, गिळायची असते, हे बंगळूरला येऊन दहा-दहा वर्षं झालेल्यांनाही ठाऊक नसतं.

अक्का पाण्याच्या आणि मातीच्या रसायनशास्त्रज्ञ. बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा, पदर कायम खोचलेला. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी मराठी मुलखातून येऊन बंगळूरचं झालेलं. वडिलांचं चिक्कपेटेत कापडाचं दुकान होतं. लग्न केलं नाही. बनशंकरीला धाकट्या भावाकडे राहत. त्यांच्या मराठीत "स्वल्प थांब रे" आणि "सरी, निघू या की" हे इतकं मुरलेलं होतं की ते कन्नड आहे हे त्यांच्या लक्षातही नसे. मी सीमेवरच्या चिकोडीचा. गावोगाव ओळखी काढणं, बैठका बोलावणं हे माझं संस्थेतलं काम. माझं उत्तरेकडचं कन्नड ऐकून त्या म्हणत, "तम्मा, तुमच्याकडं जेवायला मराठी आणि भांडायला कन्नड ठेवलंय काय रे?" तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. माझं खरं नाव त्यांनी शेवटपर्यंत एकदाही घेतलं नाही.

सर्जापूर रोडवरून आत वळलं की एका तळ्याच्या खालच्या अंगाला एक गाव आहे. नाव घेत नाही; का घेत नाही ते पुढे कळेल. शहराचं सांडपाणी तळ्यात येतं, तळ्याचं पाणी पाटाने शेतात जातं आणि त्यावर तिथल्या बायका पालक, राजगिरा, कोथिंबीर पिकवतात. सकाळी ती हिरवीगार भाजी समोरच्याच उंच इमारतींमधल्या स्वयंपाकघरांत पोचते. या बायकांची पुढारी जयम्मा. आवाज असा, की बांधाच्या त्या टोकाची म्हैससुद्धा मान वर करायची.

प्रश्न जयम्माचाच होता. आम्ही भलत्याच कामासाठी गेलो होतो. जेवणं झाली, तसं जयम्माने विचारलं, "डॉक्टरम्मा, पाण्याला घाण वास मारतो, पण भाजी पहिल्यापेक्षा जास्त तरारते. हे चांगलं की वाईट?" सगळं गाव अक्कांना डॉक्टरम्मा म्हणे आणि तापाची पोरं दाखवायला आणी. "मी माणसांची नव्हे गं, पाण्याची डॉक्टर," हे अक्का दरवेळी सांगत आणि तरीही पोराच्या कपाळाला हात लावून बघत. त्या दिवशी मात्र प्रश्न पाण्याचाच निघाला. अक्का खूश झाल्या. म्हणाल्या, "प्रश्न तुमचा, यंत्र माझं, उत्तर दोघींचं. जे निघेल ते आधी तुम्हाला सांगेन, मग जगाला."

तिथून पुढची दोन वर्षं म्हणजे अक्कांच्या नोकरीतली सर्वांत सुखाची वर्षं. बायका स्वतः नमुने काढू लागल्या. पहिल्या खेपेला त्यांनी जी भाजी आणून दिली ती पाहून मी थक्क झालो. किडकं पान एक नाही, मुळाला मातीचा कण नाही, जुड्या केळीच्या सोपाने बांधलेल्या, वर घरच्या बोअरचं पाणी शिंपडलेलं. मुलगी दाखवायला न्यावी तशी भाजी नटवून आणली होती! डॉक्टरम्मांच्या यंत्रापुढे आपल्या गावाची भाजी गबाळी कशी न्यायची? अक्का डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या आणि म्हणाल्या, "अय्यो जयम्मा, मला नवरी नको, शेतातनं आली तशी पाहिजे." ती सगळी भाजी टाकून देऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. त्यानंतर कुणी मूळ धुतलेलं दिसलं की जयम्मा अशी कडाडे की ती बाई परत चिखलात जाई.

उत्तर निघालं. भाजीत शिसं होतं, आणखीही तसलेच जड धातू होते. थोडंथोडकं नव्हे, पोटात जाऊ नये इतकं. अक्कांनी यंत्रावर संशय घेतला, मग स्वतःवर घेतला, सगळं पुन्हा तपासलं. उत्तर तेच. त्या दिवशी त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. मी म्हटलं, "अक्का, आधी सरकारी कचेऱ्यांना कळवू. गावाला सांगायची काय घाई आहे?" त्या म्हणाल्या, "आधी त्यांना. शब्द दिलाय की."

पिंपळाच्या कट्ट्यावर बैठक होती. पण आधी जेवण. जयम्माने बस्सारू केला होता: भाजी उकडून तिच्या पाण्याची आमटी, भाजी वेगळी परतलेली आणि सोबत मुद्दे. भाजी अर्थातच शेतातली. मला ते ताट दिसत होतं आणि हात पुढे जात नव्हता. अक्कांनी कोपराने ढोसलं. स्वतः त्या नेहमीसारख्या जेवल्या, आमटी मागून घेतली, ताट निपटून पुसलं. मग हात धुऊन कट्ट्यावर जाऊन बसल्या आणि सगळं सांगितलं. काहीही गाळलं नाही.

मग जयम्माने विचारलं, "माहीत असून जेवलात?"

"होय."

"का?"

"तुम्ही वाढलंत म्हणून."

जयम्मा म्हणाली, "आता आम्ही काय करायचं?"

अक्कांचा आणखी एक नेम होता. माहीत आहे ते सांगायचं, माहीत नाही ते 'माहीत नाही' म्हणून सांगायचं, मधलं काही सांगायचं नाही. त्या म्हणाल्या, "माहीत नाही, जयम्मा." तो नेम इतका महाग पडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मागून एक म्हातारा पुटपुटला, "विचारलं नसतं तर बरं झालं असतं." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पुढे जे झालं त्याचा मला अजून संताप येतो. अक्का कचेऱ्यांचे जिने चढल्या. एक म्हणे तळं आमचं, पण पाणी आमचं नाही. दुसरा म्हणे पाणी आमचं, पण शेतं आमची नाहीत. शेवटी एक दिवस गावात फळा लागला: 'या पाण्यावर भाजी पिकवण्यास मनाई आहे.' पाणी जसं होतं तसंच येत राहिलं. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना. जयम्माने त्या फळ्यावर घेवड्याचा वेल चढवला.

मग अक्का आणि बायकांनी मिळून फुलं लावून पाहिली. झेंडू, शेवंती. देवाला काही शिसं बाधत नाही, असं जयम्माच म्हणाली. शेतं पिवळीधमक झाली. पण सण सरला की फुलांना कुणी विचारेना. "हूवु हब्बक्के, सोप्पु होट्टेगे," जयम्मा म्हणाली. फूल सणाला, भाजी पोटाला. वर्षाच्या आत निम्म्या वाफ्यांत पुन्हा पालक आला. अक्कांनी तो पाहिला.

एक वार्ताहर गावाचं नाव विचारत आला. अक्कांनी सांगितलं नाही. संस्थेतले लोक चिडले. "अक्का, लोक ती भाजी खाताहेत!" त्या म्हणाल्या, "खाताहेत. या गावाचं नाव छापलं तर पलीकडच्या गावाची खातील. पाणी तेच की." "मग काय करायचं?" "माहीत नाही रे." बनशंकरीच्या बाजारात मी त्यांना पालकाची जुडी उचलून परत ठेवताना पाहिलंय. शेजारच्या बाईने तीच जुडी पिशवीत टाकली. बाईच्या कडेवर मूल होतं. अक्कांनी तोंड उघडलं, भाजीवालीकडे पाहिलं आणि मिटलं.

त्यानंतर आम्ही गावात गेलो तेव्हाची गोष्ट. जयम्माच्या घरातून फोडणीचा वास येत होता, नातवंडं ताटं घेऊन बसली होती. अक्का सवयीने मांडी घालून बसल्या. जयम्मा आतून आली ती दुकानातला बिस्किटांचा पुडा आणि पाण्याची सीलबंद बाटली घेऊन. म्हणाली, "तुम्हाला आता आमच्यातलं कसं वाढू, डॉक्टरम्मा?" तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. आम्ही बसलो होतो तिथेच पोरं बस्सारू भुरकत होती.

अक्कांनी पुडा फोडला नाही. परतताना बेळ्ळंदूरच्या गर्दीत गाडी अडकली, तेव्हा तो मांडीवर तसाच होता. म्हणाल्या, "इतकी वर्षं घरची होते रे, तम्मा. आज पाहुणी झाले."

पुढे त्या निवृत्त झाल्या. मधुमेह जुनाच होता, त्याने मूत्रपिंडं गेली आणि शेवटचे महिने दवाखान्याच्या खेपा घालण्यात संपले. डॉक्टर मूत्रपिंडाचं पथ्य म्हणून पालेभाजी जपून खा म्हणाले, तेव्हा त्या इतक्या हसल्या की भाऊ घाबरला.

तेराव्याला बनशंकरीच्या घरी जयम्मा आली. दोन बस बदलून, ठेवणीतलं लुगडं नेसून, दाराशीच उभी. मला म्हणाली, "रिकाम्या हाताने कधी कुणाकडे गेले नाही. पण आमच्याकडचं काय आणू?" मी तिला आत नेऊन पंगतीत बसवलं आणि तिच्या शेजारी बसलो. पानात सगळं वाढून झालं तरी तिने हात लावला नाही.

"तम्मा," ती हळूच म्हणाली. अक्कांचं ऐकून ती मला तसंच म्हणे. "डॉक्टरम्मा इतकी वर्षं आमच्याकडे जेवल्या. त्यानेच तर नाही ना गेल्या?"

अक्का असत्या तर त्यांनी माहीत असलेलं आणि माहीत नसलेलं वेगवेगळं करून सांगितलं असतं. मला ते जमलं नाही. मी म्हणालो, "छे, छे. त्यांना साखरेचा आजार होता. आणि महिन्यातनं एखाद्या ताटाने कुणाला काय होतंय?"

जयम्माने मान हलवली. तिला खरंच हलकं वाटलं असावं. पदराने डोळे पुसले, भात कालवला आणि घास उचलता उचलता, अगदी सहज, कुणावर ठपका न ठेवता म्हणाली, "आम्ही रोज खातो."

मी वाढप्याला हाक मारली आणि तिच्या पानात आणखी भात वाढायला सांगितलं.