काठावरचा गवंडी

आमच्या चर्चचा इतिहास सांगायला कोणीही उभं राहिलं की पहिल्या पाळकांपासून सुरुवात करतं. माझं डोकंच फिरतं. पाळक नंतर आले. आधी होती माझ्या वहिनीची शिलाई मशीन. तिच्या दुकानवजा खोलीत मशीन भिंतीला सरकवायची, वर चादर टाकायची, त्यावर बायबल ठेवायचं, आणि झाली उपासना! मशीन सरकवायचा माझा दादा. तो गवंडी. हाताला कायम सिमेंट, तोंडाला कायम कुलूप.

आम्ही मूठभर माणसं मोठ्या चर्चमधून भांडून बाहेर पडलेलो. भांडण एकाच गोष्टीवरून होतं. तिथे तान्ह्या बाळाच्या कपाळाला पाणी लावून बाप्तिस्मा देत. आमचं म्हणणं, त्या जिवाला काय कळतंय? माणसानं मोठं व्हावं, आपल्या तोंडानं मागावं, मग त्याला पाण्यात अख्खं बुडवावं. न मागता कुणाला द्यायचा नाही. लोक हसले. हसू देत.

सुरुवातीला नदीवर जायचो. आमच्या पहिल्या पाळकांना पोहता येत नव्हतं. त्यांच्या कमरेला दोर बांधायचा आणि काठावर दोर धरून दादा उभा. एकदा पाळक घसरले, दादानं त्यांना मासा ओढावा तसं ओढून काढलं. बाहेर आल्यावर पाळक म्हणाले, "प्रभूनं वाचवलं." दादा म्हणाला, "हो, दोरही बरा होता." त्या दिवशी तो बोलला तेवढंच.

पाण्यात उतरलं की बायकांचे पांढरे झगे फुगून वर यायचे, लाज वाटायची. वहिनीनं युक्ती काढली. मासेमारीच्या जाळ्याला शिशाचे मणी लावतात ना, ते आणून तिनं झग्यांच्या काठात शिवून टाकले. आजही आमच्याकडे तसेच झगे आहेत.

पुढे जागा मिळाली. दादानं दिवसभर दुसऱ्यांच्या भिंती बांधायच्या आणि संध्याकाळी चर्चची. व्यासपीठाच्या फळ्यांखाली त्यानं हौद बांधला, उतरायला पायऱ्या केल्या. हौद पहिल्यापासून गळका. दर वेळी बाप्तिस्म्याच्या आधी दादा आत उतरून भेगा लिंपायचा, मग भरायचा, पाणी तापवून ओतायचा. त्या हौदात सगळ्यात जास्त वेळा उतरलेला माणूस तोच. पण हौद कोरडा असताना.

कारण दादानं स्वतः बाप्तिस्मा घेतलाच नाही. वहिनीनं त्याच्या मापाचा झगा शिवून पेटीत ठेवलेला, काठात शिसं भरून. हौद भरायची वेळ आली की ती विचारायची, "या वेळी?" तो म्हणायचा, "अजून नाही." एकदा मीच खनपटीला बसले. तेव्हा म्हणाला, "पाण्यात उभं राहून हो म्हणायचं तर ते आतून यायला हवं. आलं की सांगतो. उगाच खोटं कशाला?"

आलं नाही. गेल्या वर्षी जेवून उठला, हात धुवायला गेला आणि मोरीशीच बसला. संपलं. वहिनी रडली नाही. मीही नाही. लोक यायचे, चहा व्हायचा, कप विसळले जायचे. घरात आम्ही दोघी असून नसल्यासारख्या.

यंदा चर्चला पन्नास वर्षं झाली. दारापाशी भिंतीत दगड बसवायचा ठरला, त्यावर स्थापना करणाऱ्या सभासदांची नावं. आमच्याकडे सभासद म्हणजे बाप्तिस्मा घेतलेला. म्हणजे दादा त्यात नाही! मी सभेत उभी राहिले. म्हटलं, "ज्यानं ही भिंत बांधली त्याचं नाव भिंतीवर नाही? लाज वाटू द्या जरा. त्याला सभासद धरा." आमच्यावर कोणी मोठा धर्मगुरू नाही, सगळं हात वर करून ठरतं. नव्या पाळकांनी हात मोजले. निम्मे इकडे, निम्मे तिकडे. मग ते वहिनीकडे वळले. "काकू, तुमचा हात राहिला."

मला वाटलं, जिंकलो. वहिनीनं दादाच्या विरुद्ध हात वर केला.

घरी येईपर्यंत मी दात आवळून होते. दार लागलं आणि मी तोंड सोडलं. "नवऱ्याचं नाव स्वतःच्या हातानं पुसलंस! वैरीणसुद्धा असं करणार नाही. जन्मभर त्याच्या हातावरचं सिमेंट धुतलंस ते याचसाठी?"

ती पेटी उघडत होती. दादाचा झगा काढून मशीनपाशी बसली. म्हणाली, "जन्मभर मी त्याला विचारलं. जन्मभर तो नाही म्हणाला. आता त्याचं तोंड बंद झालंय म्हणून त्याच्या वतीनं मी हो म्हणू? मग बाळांना पाणी लावणाऱ्यांशी आपण भांडलो कशाला?"

राग तर होताच, पण आता तो कुणावर काढायचा ते कळेना.

"तुला काहीच वाटत नाही का गं?" मी विचारलं.

"नाही वाटत. वाटायला हवं, माहितीय मला. पण आत हात घातला तर काही लागतच नाही."

तिनं कात्री घेतली आणि झग्याच्या काठाची शिवण उसवायला लागली. शिशाचे मणी एकेक काढून बटणांच्या डब्यात टाकत होती. दुसऱ्या बाजूचा काठ मी ओढून घेतला आणि उसवत बसले. काम संपल्यावर तिनं झगा झटकला, नीट घडी केली आणि पेटी पुढे ओढली.

"परत पेटीतच ठेवणार?" मी म्हटलं. "मग शिसं का काढलंस?"

"आता त्याला पाण्यात उतरायचं नाहीये," ती म्हणाली. "उगाच ओझं कशाला?"

मग मात्र मला रडू फुटलं. तिनं उठून मला पाणी आणून दिलं आणि मशीनवर झाकण घातलं.