सोनकांबळे काकांचा पिवळा लेयर

सोनकांबळे काका गेल्याचा फोन त्यांच्या मुलीने, सुषमाने केला, तेव्हा मी कॉम्प्युटरवर एका नकाशातला जिना पुसत होते. फोन ठेवला आणि बोट तिथंच थांबलं... काकांसमोर असं सरळ पुसायची माझी हिंमत झाली नसती! महिना झाला, तरी नकाशातून काही काढताना ते मागे उभे आहेत असंच वाटतं.

मीरा रोडच्या आमच्या छोट्या आर्किटेक्ट ऑफिसात काका ड्राफ्ट्समन होते, ट्रेसिंग पेपरवर हाताने नकाशे काढणारे. मूळचे नांदेडकडचे, राहायला पूनम सागर वसाहतीत. मी नवीकोरी आर्किटेक्ट, कॉम्प्युटर शिकून आलेली, आणि त्याचा मला केवढा तोरा! ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा पन्नाशीतल्या काकांना शिकवायचं काम सरांनी माझ्यावर टाकलं. पहिल्याच दिवशी मी एक भिंत काढून, पुसून दाखवली.

“आता ही गेली कुठं, ताई?”

“कुठंच नाही काका. गेली.”

“ट्रेसिंगवर ब्लेडनं खरवडलं तरी वळ राहतोय. हिचा काहीच पत्ता नाही म्हणजे?”

मला हसू आलं. पण काका स्वस्थ बसणारे नव्हते. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागदच, हवा तो दाखवा, नको तो झाका, हे कळल्यावर त्यांनी टाळीच वाजवली. नगरपालिकेच्या नकाशात पाडायचं बांधकाम पिवळं दाखवतात. तोच रंग घेऊन त्यांनी प्रत्येक फाइलीत काढलेल्या गोष्टींचा एक लेयर सुरू केला. भिंत, खिडकी, मोरी, काहीही काढलं की ते पुसायचं नाही, तिथं सरकवायचं. शिवाय दोरीने पिवळी पेन्सिल बांधलेल्या एका लांबट वहीत नोंद: काय काढलं, कुणी काढलं, का काढलं. सर दर शनिवारी ती वही बघायचे.

मग आलं खारी गावातल्या एका इमारतीचं काम. जागेच्या पहिल्या नकाशात एक विहीर होती. म्हातारे जमीनमालक म्हणाले, “बुजवलीली हाय ती. पानी न्हाय नि काय न्हाय, काढा तिला.” विहीर पिवळ्या लेयरवर गेली. पुढे नकाशा सहा वेळा बदलला, फाइल फुगली, फ्लॉपीत मावेना. मी काकांना न विचारता पिवळा लेयरच उडवून दिला. सातव्या बदलात रस्ता रुंद धरला आणि अख्खी इमारत मागे सरकली.

दुसऱ्या दिवशी साइटवर पायाची खोदाई सुरू व्हायची होती. काकांनी नकाशा उघडला. “ताई, पिवळं कुठंय?”

मी सांगितलं. खण उघडून त्यांनी एक जुनी फ्लॉपी काढली, तिच्यातला लेयर नव्या नकाशावर चढवला. मशीन कुरकुरत होतं, आम्ही दोघं स्क्रीनला नाक लावून बसलो होतो... आणि उमटलं की पिवळं वर्तुळ! बरोब्बर कोपऱ्यातल्या कॉलमखाली!

“विहीर!” आम्ही एकदमच ओरडलो. सर धावत आले, तसेच साइटवर पळाले. त्या जागी खोदलं तर नुसता भुसभुशीत भराव. चार मजले त्यावर उभे राहणार होते! कॉलमची जागा बदलली. काकांनी सगळ्यांना उसाचा रस पाजला आणि मला एवढंच म्हणाले, “नकाशातनं गेली, जमिनीतनं थोडीच जाते?”

मला मात्र शनिवारची धास्ती. वहीत माझं नाव वाचून सर घरी बसवणार, हे ठरलेलंच होतं. शनिवार आला, गेला. पुढचाही गेला. सरांनी बोलावलंच नाही, आणि काकांना विचारायचा मला धीर झाला नाही. आज वाटतं, विचारायला हवं होतं.

परवा सुषमाकडे गेले, तर तिने ती वही माझ्या हातात ठेवली. दोरीला पिवळी पेन्सिल तशीच बांधलेली. मी खारीच्या कामाचं पान शोधलं. काकांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: ‘काय काढलं: संपूर्ण पिवळा लेयर. का: फ्लॉपीत जागा नव्हती. कुणी: सोनकांबळे.’

सुषमा चहा ठेवायला आत गेली होती. मी पेन्सिल घेतली. खोडायचं तर काकांच्याच पद्धतीने. त्यांच्या नावावरून मी एक पिवळी रेघ ओढली, खालचं नाव वाचता येईल अशी. शेजारी माझं नाव लिहिलं.